रॅम घेताना नुसत्या आकड्याला भुलू नका

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी या तिघांचा मेळ बसला तरच पैसा वसूल

शहापूर-मुरबाडच्या बाजारात आज संगणक नसलेले दुकान विरळाच. लग्नपत्रिका छापणारा, फ्लेक्सचे डिझाइन करणारा, फोटो स्टुडिओवाला, झेरॉक्सबरोबर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा, किराण्याचे आणि हार्डवेअरचे बिल काढणारा, भरतकामाच्या मशिनसाठी नक्षी बनवणारा कारागीर, अशा अनेकांची रोजी आता टेबलाखालच्या एका पेटीवर अवलंबून आहे. भातसानगरसारख्या धरणाच्या वसाहतीत राहणाऱ्यालाही दाखला काढायचा, फॉर्म भरायचा तर अशाच एखाद्या दुकानाची पायरी चढावी लागते. ही पेटी मंदावली की समोरचे गिऱ्हाईक ताटकळते आणि दोनदा ताटकळलेले गिऱ्हाईक तिसऱ्यांदा शेजारच्या दुकानात जाते.

संगणक मंदावल्यावर सर्वांत आधी ऐकू येणारा सल्ला म्हणजे, "रॅम बदलून टाका." सल्ला पुष्कळदा बरोबरही असतो. पण कोणती रॅम, किती वेगाची, किती जीबीची, एक की दोन, हे विचारले तर उत्तर मिळते, "जास्तीत जास्त नंबरची घ्या, काम फास्ट होईल." इथेच आपल्या छोट्या व्यापाऱ्याचा आणि कारागिराचा पैसा वाया जातो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढली आणि जगभर रॅमचे भाव भडकले. अशा काळात चुकीच्या स्टिकवर गेलेले दोन-चार हजार रुपये म्हणजे एखाद्या कारागिराची काही दिवसांची कमाई. म्हणून या लेखात आम्ही हा विषय जरा सविस्तर आणि सोप्या भाषेत मांडत आहोत.

भातसाचे पाणी आणि संगणकाची मेमरी

भातसा धरण आपल्या शहापूर तालुक्यात आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावांत हा सर्वांत मोठा. हे पाणी धरणातून सुटते, नदीच्या पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत येते, तिथे पंप ते उचलतात, पांजरापूरला ते शुद्ध होते आणि मग मोठ्या जलवाहिन्यांतून मुंबईकडे जाते. आता २६ फेब्रुवारी २०२४ ची घटना आठवा. पिसे येथील पंपिंग केंद्रात ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि मुंबईच्या पाण्यात १५ टक्के कपात करावी लागली. ही कपात धरण रिकामे झाल्यामुळे आली नव्हती. नदी होती, जलवाहिन्याही जागेवर होत्या. फक्त मधला एक टप्पा अडला आणि साऱ्या शहराला त्या टप्प्याच्या कुवतीएवढेच पाणी मिळाले.

संगणकात नेमके हेच घडते. प्रोसेसर म्हणजे पाणी मागणारे शहर. रॅम म्हणजे त्याला माल पुरवणारा साठा. मदरबोर्ड म्हणजे दोघांना जोडणारी वाहिनी. तिघांपैकी ज्याची कुवत सर्वांत कमी, त्याच्याच वेगाने तिघांना चालावे लागते. वाहिनी अरुंद असेल तर धरण वाढवून उपयोग नाही, आणि धरणातून कमी सुटत असेल तर वाहिनी रुंद करून उपयोग नाही. स्टिकवर छापलेला आकडा ही त्या स्टिकची कुवत आहे. तुमच्या टेबलावर प्रत्यक्षात तेवढा वेग मिळेलच असे नाही. धरणाच्या तालुक्यात राहूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या लोकांना कागदावरचा साठा आणि हंड्यातले पाणी यांतला फरक निराळा समजावून सांगायला नको.

आधी पिढी पाहा

वेगाचा विचार करण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती म्हणजे रॅमची पिढी. आज दुकानांतून चालू असलेल्या संगणकांत मुख्यतः तीन पिढ्या दिसतात. डीडीआर३ ही २००७ च्या सुमारास बाजारात आली, डीडीआर४ २०१४ मध्ये, आणि डीडीआर५ चे मानक २०२० मध्ये जाहीर झाले. एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ स्टिकला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८ पिना असतात, तरी त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. म्हणून स्टिक बसत नाही असे दिसले की जोर लावू नका. ती तुमच्या बोर्डासाठी नाही, असे खुशाल समजा. जोर लावून स्लॉट तुटला तर रॅमबरोबर मदरबोर्डही जातो.

लॅपटॉपची स्टिक लांबीने लहान असते आणि ती वेगळीच घ्यावी लागते. जुन्या लॅपटॉपमध्ये डीडीआर३एल नावाचा १.३५ व्होल्टचा प्रकार असतो. त्याच्या जागी साधी १.५ व्होल्टची स्टिक घातली तर पुष्कळ लॅपटॉप सुरूच होत नाहीत.

इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत आणखी एक घोळ होतो. हे प्रोसेसर डीडीआर४ वर चालतात आणि डीडीआर५ वरही चालतात. मदरबोर्ड मात्र सहसा एकाच प्रकारचा असतो. त्यामुळे नुसते "माझा आय५ बारावी जनरेशनचा आहे" एवढे सांगून रॅम मागवू नये. बोर्डाचे पूर्ण नाव सांगावे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेला तर डीडीआर५ शिवाय दुसरी रॅम चालतच नाही.

तीन आकडे, आणि त्यांतला सर्वांत लहान

पिढी जुळली की मग वेग. येथे तीन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. पहिला, प्रोसेसर कमाल किती वेगाची मेमरी चालवतो. दुसरा, मदरबोर्ड कमाल किती वेग देतो. तिसरा, रॅमच्या स्टिकवर छापलेला वेग. या तिन्हींत जो सर्वांत लहान तो तुमचा खरा वेग. काही नेहमीची उदाहरणे पाहू.

समजा, आपल्याकडे इंटेलचा कोअर आय३-१०१०० आणि एच४१० बोर्ड आहे. या प्रोसेसरची मर्यादा डीडीआर४-२६६६. दुकानदाराने ३२०० ची स्टिक दिली तर ती चालेल, पण २६६६ वर. ३२०० साठी जास्त पैसे मोजले असतील तर ते फुकट गेले. दोघींचा भाव सारखाच असेल तर मात्र ३२०० घ्यायला हरकत नाही. उद्या बोर्ड बदलला तर तीच स्टिक पूर्ण वेगाने चालेल.

समजा, कोअर आय३-८१०० आहे. त्याची मर्यादा आणखी खाली, २४००. आणि जुना पेंटियम जी३२२० असेल तर त्याची मर्यादा डीडीआर३-१३३३. त्यात १६०० ची स्टिक घातली तरी ती १३३३ वरच चालणार.

आता उलटे उदाहरण. कोअर आय५-१२४०० आणि एच६१० चा डीडीआर४ बोर्ड. इथे ३२०० पर्यंत वेग मिळतो. पण मालकाने काटकसर म्हणून जुन्या संगणकातली २४०० ची स्टिक काढून यात बसवली तर नवा प्रोसेसरही २४०० वरच माल उचलेल. आणि एक ३२०० व एक २४०० अशा दोन्ही एकदम लावल्या तर दोघी २४०० वर येतील. बैलगाडीला एक चपळ आणि एक म्हातारा बैल जुंपला तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीने चालते.

हे सगळे आपोआप कसे ठरते? प्रत्येक स्टिकवर एक बारीक चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. ही स्टिक किती वेगाने, किती व्होल्टवर, कोणत्या ठेक्यावर चालते याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना मदरबोर्डाचा बायोस ती नोंद वाचतो आणि सर्वांना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणून जास्त वेगाची स्टिक कमी वेगाच्या बोर्डावर सहसा बिघडत नाही, फक्त सावकाश चालते. आणि हळू चालणारी वस्तू तक्रार करत नाही, त्यामुळे मालकाला वर्षानुवर्षे पत्ताही लागत नाही.

हा प्रश्न काही आजचा नाही. १९९८ मध्ये इंटेलने ४४०बीएक्स चिपसेट आणला तेव्हा १०० मेगाहर्ट्झच्या बससाठी पीसी१०० नावाची रॅम बाजारात आली. पण त्याच काळातला स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर चालत असे. त्याच्या जोडीला महागडी पीसी१०० स्टिक लावणाऱ्यालाही वेग ६६ चाच मिळे. त्या वेळी मेमरीची व्यवस्था पाहणारा भाग मदरबोर्डावरच्या चिपसेटमध्ये असे. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ पासून आणि इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ पासून तो भाग डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्येच घेतला. म्हणूनच आज रॅम घेताना बोर्डाबरोबर प्रोसेसरचीही मर्यादा पाहावी लागते. मधली पंचवीस वर्षे सरली, नावे बदलली, हिसाब तोच राहिला.

जास्त नंबरच्या स्टिकची दुसरी बाजू

३६०० किंवा त्याहून मोठ्या आकड्याच्या, रंगीत पत्रा लावलेल्या स्टिक दुकानात चमकत असतात. त्यांच्यावर छापलेला वेग हा बहुधा वाढीव वेग असतो. तो मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाची सोय चालू करावी लागते. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर तिला एक्सपो म्हणतात. ती चालू केली नाही तर अशी स्टिक तिच्या मूळ वेगावर, म्हणजे पुष्कळदा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. इंटेलच्या एच४१०, एच५१०, एच६१० अशा स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरची मर्यादा ओलांडून रॅम चालवता येत नाही. म्हणजे साध्या २६६६ च्या स्टिकपेक्षा महाग घेतलेली स्टिक त्याहून सावकाश चालण्याचीही शक्यता असते! आमच्या व्यापारी बंधूंनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

एक्सएमपी चालू केल्यावर संगणक मध्येच अडकू लागला, निळा पडदा दिसू लागला, तर ती सोय बंद करून मूळ वेगावर यावे. हिसाबाच्या आणि छपाईच्या कामात थोडा कमी वेग परवडतो, पण फाइल बिघडलेली परवडत नाही.

मेगाहर्ट्झ आणि सीएलचा घोळ

डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माल पाठवणारी रॅम. त्यामुळे ३२०० ची स्टिक प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर चालते. सीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये १६०० चा आकडा पाहून आपल्याला फसवले असे समजून दुकानदाराशी भांडणारे गिऱ्हाईक असते. भांडण्याआधी त्या आकड्याची दुप्पट करून पाहावी.

स्टिकवर कधी कधी पीसी४-२५६०० असेही लिहिलेले असते. हा ३२०० ला ८ ने गुणून आलेला आकडा. एका सेकंदात किती मेगाबाइट माल जाऊ शकतो हे तो सांगतो. म्हणजे २५,६०० मेगाबाइट, अर्थात २५.६ जीबी. २५६०० हा ३२०० पेक्षा मोठा आकडा पाहून ती निराळी आणि अधिक वेगवान रॅम आहे असे समजू नये. दोन्ही एकच.

दुसरा आकडा सीएलचा. मागणी केल्यावर पहिला माल हाती यायला किती ठोके लागतात ते हा सांगतो. येथे आकडा जितका लहान तितका चांगला. पण ठोके मोजताना ठोक्याची लांबीही पाहावी लागते. सोपा नियम असा की सीएलला २००० ने गुणावे आणि वेगाच्या आकड्याने भागावे. उत्तर नॅनोसेकंदात येते. डीडीआर३-१६०० सीएल ११ चे उत्तर १३.७५. डीडीआर४-३२०० सीएल २२ चेही उत्तर १३.७५. म्हणजे पिढी बदलली, आकडा दुप्पट झाला, तरी पहिला माल यायचा वेळ तेवढाच. ३२०० मध्येच सीएल १६ ची स्टिक घेतली तर तो १० वर येतो, आणि डीडीआर५-४८०० सीएल ४० चा साडेसोळाच्याही वर जातो. नव्या पिढीत एका वेळी जास्त माल येतो, हा तिचा खरा फायदा. पण नंबर दुप्पट म्हणून काम दुप्पट, हा समज सोडून द्यावा.

एक मोठी की दोन लहान?

आमच्या मते पैसे खर्च करण्याची खरी जागा येथे आहे. बहुतेक डेस्कटॉप बोर्डांवर मेमरीच्या दोन वाटा असतात. एकच १६ जीबीची स्टिक लावली तर एकच वाट चालते. ८-८ जीबीच्या दोन लावल्या तर दोन्ही वाटा चालतात आणि ३२०० च्या वेगाने २५.६ ऐवजी ५१.२ जीबीचा रस्ता खुला होतो. २६६६ सोडून ३२०० घेतल्याने रस्ता सुमारे वीस टक्के रुंदावतो, तर दुसरी स्टिक लावल्याने तो दुप्पट होतो. कोणता सौदा फायद्याचा, ते व्यापाऱ्याला सांगायला नको.

ज्यांच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि जे फोटोचे, व्हिडिओचे किंवा फ्लेक्सचे काम करतात, त्यांना हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. रायझेन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमधले ग्राफिक्स ही रॅमच वापरते. तिथे एकच स्टिक लावणे म्हणजे प्रोसेसरचे अर्धे बळ बांधून ठेवणे. आमच्या फोटो स्टुडिओवाल्या बंधूंनी कॅबिनेट उघडून आपल्याकडे किती स्टिक आहेत ते एकदा जरूर पाहावे.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारी शेजारी लावू नयेत. बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. शक्यतो दोन्ही स्टिक एकाच कंपनीच्या, एकाच वेगाच्या, एकाच जीबीच्या घ्याव्यात.

कोणाला किती हवी?

वेगाच्या आधी जीबी पाहावेत. रॅम भरली की संगणक उरलेला माल हार्ड डिस्कवर ठेवू लागतो. रॅममधून माल यायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात, तर जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे लाखपट जास्त. ज्याची ४ जीबी रॅम भरून वाहते आहे, त्याने २४०० ची ३२०० करून काय होणार? त्याने ८ जीबी कराव्यात आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. दुकानातल्या मंद संगणकाला सर्वांत जास्त फरक याच दोन गोष्टींनी पडतो.

बिले, स्टॉक, ऑनलाइन फॉर्म आणि पत्रव्यवहार यांसाठी ८ जीबी पुरे. तेथे रॅमच्या वेगाने काही फरक जाणवणार नाही. कोरलड्रॉ, फोटोशॉप, श्रीलिपी, उर्दू पत्रिकांसाठी इनपेज असे एकदम उघडून बसणाऱ्या डीटीपीवाल्याने ८-८ च्या दोन, म्हणजे १६ जीबी घ्याव्यात. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने ३२ चा विचार करावा, आणि वेगाला महत्त्व द्यायचे तर ते त्यानेच द्यावे.

जुने प्रिंटर आणि जुने फॉन्ट सांभाळण्यासाठी काही दुकानांत अजून ३२ बिटचे विंडोज आहे. ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. तिथे ८ जीबी घालणे म्हणजे भरलेल्या पिंपात पाणी ओतणे. आधी विंडोज ६४ बिटचे करावे, जुने प्रोग्राम त्यावर चालतात का ते तपासावे, मग रॅम घ्यावी.

आणखी एक. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर मान्य केले आहेत. म्हणून डीडीआर३ च्या जुन्या संगणकात मोठी रक्कम घालण्याआधी विचार करावा. त्याची रॅम पुढच्या संगणकाला लागणार नाही. अशा संगणकाला वापरलेली पण तपासून घेतलेली ४ किंवा ८ जीबीची स्टिक पुरे.

खरेदीला जाण्यापूर्वी

आसनगावहून लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, मग लॅमिंग्टन रोड, आणि तोच रस्ता परत, यात आपला अख्खा दिवस जातो. मुरबाडकरांना तर आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. चुकीची स्टिक आणली तर दुसरा दिवसही गेला आणि दोन्ही दिवस दुकान बंद. म्हणून घरून निघतानाच पुढील माहिती कागदावर लिहून न्यावी.

विंडोज १० किंवा ११ मध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी निवडा. तिथे सध्याचा वेग, एकूण स्लॉट आणि वापरातले स्लॉट दिसतात. सीपीयू-झेड मध्ये प्रोसेसरचे व बोर्डाचे पूर्ण नाव आणि रॅमची पिढी मिळते. मग दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कमाल वेग आणि कमाल जीबी पाहा. बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या रॅमची यादीही तेथेच असते. ही सारी दहा मिनिटांची मेहनत. जमल्यास जुनी स्टिक बरोबर न्यावी किंवा तिच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा.

दुकानात पक्के बिल मागावे आणि त्यावर स्टिकचा क्रमांक लिहून घ्यावा. मोठ्या कंपन्यांच्या रॅमवर अनेक वर्षांची वॉरंटी असते, पण बिलावाचून ती मागता येत नाही. नियमित जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याला त्याच बिलावर कराची वजावटही मिळते. बोर्डावर चालली नाही तर बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारावे. डीडीआर३ च्या काही अगदी स्वस्त स्टिक फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. तसे लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. इंटेलवाल्याने त्या घेऊ नयेत.

बसवताना आणि नंतर

संगणक बंद करून प्लग काढावा, पॉवरचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा आणि मगच स्टिक धरावी. कडेला धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. खाच जुळवून सरळ दाबावी, खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने पिना काळवंडतात आणि संगणक नुसता बीप करत राहतो. अशा वेळी नवी रॅम घेण्याआधी जुनी स्टिक काढून पिना मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, कोरड्या ब्रशने स्लॉट झाडावा आणि पुन्हा बसवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते.

नवी स्टिक बसवल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वेग आणि जीबी पुन्हा पाहावेत. रात्री दुकान बंद करताना मेमटेस्ट८६ लावून ठेवावे. सकाळी एकही चूक दिसली तर स्टिक बदलून घ्यावी. विजेचा लपंडाव असलेल्या गावात यूपीएस असू द्यावा.

दुरुस्तीच्या धंद्यातील तरुणांना

शहापूर, वासिंद, मुरबाड, किन्हवली अशा ठिकाणी संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणाऱ्या किंवा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकणाऱ्या आमच्या तरुणांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. गिऱ्हाइकाला आकडा कळत नाही, हे आपले भांडवल समजू नका. २६६६ च्या बोर्डावर ३२०० चे जादा पैसे घेतले तर आज दोनशे-तीनशे रुपये सुटतील. उद्या कोणी त्याला टास्क मॅनेजर उघडून दाखवील आणि ते गिऱ्हाईक जाताना चार गिऱ्हाइके बरोबर घेऊन जाईल. उलट बिलाच्या मागे प्रोसेसरचा, बोर्डाचा आणि रॅमचा असे तीन आकडे लिहून द्या. त्यांतल्या सर्वांत लहान आकड्याला गोल करून सांगा, "तुमच्या संगणकाचा वेग एवढा. याच्या वरचे पैसे देऊ नका." लहान गावात धंदा तोंडातोंडी वाढतो आणि एवढा कागद कोणत्याही फलकापेक्षा जास्त काम करतो.

आणि दुकानमालक बंधूंनी पुढच्या वेळी कोणी "मोठ्या नंबरची घ्या" म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे की माझा बोर्ड आणि माझा प्रोसेसर किती नंबर पेलतात? उत्तर आले तर रॅम तिथेच घ्यावी. उत्तर आले नाही तर खिशातले पैसे खिशातच ठेवावेत.